कड्यांचं चिलखत विणायला सुरुवात: तार, कडी आणि चार महिन्यांचा हिशेब

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. येत्या शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीत घालायला कड्यांचं चिलखत करायचं आहे आणि हातात चार महिने आहेत. सळया बांधायची २० गेजची बाइंडिंग तार तुम्ही दोन किलो आणली, १० मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळून कड्या पाडल्या आणि घरातल्या पकडीने विणायला बसलात. तळहाताएवढा तुकडा झाला, पण उचलला की कड्या आपोआप उघडतात आणि चित्रात दिसते तशी घट्ट वीण दिसतच नाही. तुम्ही विचारलंय, "कोणती तार घेऊ आणि एकूण किती कड्या लागतील?"

दोन्हीची उत्तरं देते. पण तुमची अडचण तारेच्या जातीत फारशी नाही, ती मापात आहे. दुसरी तार आणून पुन्हा १० मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळलीत तरी हेच होईल. म्हणून आधी मापाचं बघू.

चिलखत विणणारे कडीकडे एका आकड्यातून बघतात: कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'एआर' म्हणतात, मी गुणोत्तर म्हणेन. तुमची २० गेजची तार साधारण ०.९ मिलिमीटर जाडीची, कडी आतून १० मिलिमीटरची. म्हणजे गुणोत्तर अकरा. तुम्हाला हवी असलेली वीण 'एकात चार' नावाने ओळखली जाते, कारण तिच्यात प्रत्येक कडीतून चार शेजारच्या कड्या जातात. ती साडेतीन ते पाच या गुणोत्तरात सुंदर बसते. तीनच्या खाली गेलात तर कड्या एकमेकींत शिरतच नाहीत, आणि सहाच्या वर गेलात की वीण सैल पडून मासे धरायच्या जाळ्यासारखी दिसायला लागते. अकराला तर ती वीण म्हणून डोळ्याला ओळखूच येणार नाही.

दिसणं एवढाच भाग नाही, ताकदही यातच आहे. कडीवर ओढ आली की ती तिचं तोंड उघडायला बघते. तिथे तार जितकी जाड तितका विरोध, आणि तो जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. शिवाय कडी जितकी लहान तितकी ओढीला मिळणारी तरफ आखूड. एकाच धातूची १.६ मिलिमीटर तारेची ८ मिलिमीटरची कडी घेतली, तर ती कायमची वाकवायला तुमच्या कडीच्या साधारण सहापट जोर लागेल. त्यात बाइंडिंग तार मुद्दाम तापवून मऊ केलेली असते, गवंड्याला ती हाताने पिळता यावी म्हणून. म्हणजे तुम्ही बारीक तार, मोठी कडी आणि मऊ धातू या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. तुमच्या हाताचा यात दोष नाही. त्या कड्या कुणीही मिटवल्या असत्या तरी उघडल्या असत्या.

गेजबद्दल एक सावधगिरी आत्ताच सांगते, कारण यात पैसे वाया जातात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गेज म्हटलं की बहुधा ब्रिटिश गेज असतो. परदेशी संकेतस्थळांवरची मापं बरेचदा अमेरिकन गेजमध्ये असतात. १६ गेज ब्रिटिश म्हणजे १.६३ मिलिमीटर आणि १६ गेज अमेरिकन म्हणजे १.२९. तिकडच्या तक्त्यात बघून इकडच्या दुकानात '१६ नंबर द्या' म्हणालात की सगळं गणित हुकतं. गेज बोलूच नका, मिलिमीटरमध्ये मागा आणि व्हर्नियरने स्वतः मोजून घ्या. साधा व्हर्नियर हे या छंदातलं पहिलं हत्यार, पकडीच्याही आधीचं. माझे वडील टर्नर होते. मोजल्याशिवाय धातूला हात लावायचा नाही ही त्यांची शिकवण मला दागिन्यांच्या कामातही उपयोगी पडली.

आता किती कड्या, ते. हे तुम्हाला काय हवंय यावर अवलंबून आहे. १.६ मिलिमीटर तार आणि ८ मिलिमीटर आतला व्यास धरला तर एका कडीमागे साधारण पाऊण चौरस सेंटिमीटर वीण तयार होते. कमरेखालपर्यंत येणारं, कोपरापर्यंत बाह्या असलेलं चिलखत प्रौढ माणसाला करायचं तर दहा हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास वीण लागते. म्हणजे तेरा हजार कड्या. अंग भरदार असेल, बाह्या लांब असतील तर अठरा हजारांपर्यंत. पंधरा हजार धरा. प्रत्येक कडीला तीन सेंटिमीटर तार, म्हणजे साडेचारशे मीटर. पोलादात याचं वजन सात किलोच्या वर जातं, अॅल्युमिनियममध्ये अडीच किलोच्या आत राहतं. नवशिका हात तासाला शंभर-सव्वाशे कड्या नीट विणतो. नुसतं विणकाम सव्वाशे-दीडशे तासांचं झालं, आणि गुंडाळणं-कापणं वेगळं. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून चार महिन्यांत हे होईल का? रोज न चुकता सव्वा-दीड तास बसलात तर होईल. पण पहिल्या हजार कड्या तुमच्या शिकण्याच्या असतील आणि त्या छातीवर मिरवाव्यात असं तुम्हालाच वाटणार नाही.

म्हणून मी वेगळं सुचवते. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज भेटीला गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. चिलखत अंगरख्याच्या आत होतं. म्हणजे बघणाऱ्याला काय दिसलं असतं? फार तर गळ्याशी थोडी वीण आणि मनगटाशी थोडी. तुम्हीही तेवढंच विणा. छातीच्या उघड्या भागात बसेल असा २५ बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन मनगटांना २२ बाय १० चे दोन पट्टे. झाल्या साधारण चौदाशे कड्या. तार ४२-४५ मीटर, अॅल्युमिनियममध्ये पाव किलोच्या आत. हे तुकडे जाड सुती बंडीवर दोऱ्याने टाचा आणि वरून अंगरखा घाला. दिसायला पूर्ण चिलखत घातल्यासारखंच दिसेल आणि विणकाम बारा-चौदा तासांत उरकेल. पुढे पूर्ण चिलखत करायची हौस टिकली तर हेच तुकडे त्यात जोडता येतील, काही वाया जाणार नाही.

वेळ उरला तर जिरेटोपाची झालर करा. जिरेटोप या शब्दातलं 'जिरे' म्हणजे फारसी जिरह, कड्यांचं चिलखत. टोपाच्या मागून मानेवर आणि कानांवर उतरणारी कड्यांची झालर हीच त्या टोपाची ओळख. ४५ बाय १५ सेंटिमीटरला आणखी नऊशे कड्या लागतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. तुम्ही आणि मी विणतो ती कडी नुसती तोंडाशी तोंड मिळवून मिटवलेली असते. लढाईत घालायच्या जुन्या चिलखतात बहुतेक कड्या अशा नसत. तारेची टोकं एकावर एक चढवून चपटी ठोकायची, त्यात भोक पाडायचं आणि बारीक रिव्हेट मारायचा, असं एकेका कडीचं काम असे. आपल्याकडच्या पुष्कळ चिलखतांत एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ सांधाच नसलेल्या अखंड कड्यांची अशी आलटून-पालटून रचना आढळते. नुसत्या मिटवलेल्या कड्यांची चिलखतंही नंतरच्या काळात झाली, पण टोकदार हत्याराचा नेमका वार त्यांच्या कड्या फाकवतो. तेव्हा मिरवणुकीत दांडपट्टा, तलवारीचे हात होतात तिथे 'मी चिलखत घातलंय' या भरवशावर कुणाला वार करू देऊ नका. संग्रहालयात चिलखत बघायचा योग आला तर काचेला नाक लावून एक-एक कडी बघा. रिव्हेटचा तो इवलासा उंचवटा दिसला की कारागिरांनी किती श्रम घेतले असतील ते कळतं. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नव्हते.

धातू कोणता घ्यावा? पहिल्या कामाला अॅल्युमिनियम. पोलादाच्या एक-तृतीयांश वजन, गंज नाही, पकडीला हलकं. पण विद्युत मोटारीच्या वाइंडिंगची शुद्ध अॅल्युमिनियम तार फार मऊ असते, ती घेऊ नका. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ५३५६ या मिश्रधातूची वेल्डिंगची तार मिळते. ती १.२ आणि १.६ मिलिमीटरमध्ये असते, पुरेशी कडक असते आणि जाडी अगदी एकसारखी असते. मी वर्षानुवर्षं तीच वापरते. साध्या अॅल्युमिनियमचा एक अवगुण म्हणजे नव्या कड्यांचा काळपट रंग हाताला, कपड्याला लागतो. विणण्यापूर्वी कड्या एका बरणीत भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी घालून दहा मिनिटं खळखळून हलवा, पाणी काळं येईल, ते बदलून पुन्हा हलवा. तीन-चार पाण्यांत बरंच निघतं. तरी पांढऱ्या अंगरख्याखाली घालणार असाल तर मध्ये एक अस्तर असू द्या.

जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, स्वस्त आहे आणि दिसायलाही भारदस्त. हाताला जड जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या कामाला चालेल. फक्त ती कधीही गॅसवर किंवा भट्टीत तापवू नका. जस्ताच्या वाफा छातीत गेल्या की थंडी वाजून ताप भरतो. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या कांड्या, एक मीटर लांबीच्या, १.६ मिलिमीटरमध्ये सहज मिळतात. कड्या अप्रतिम होतात, पण त्या मिटवायला मनगटात बळ लागतं, सुरुवातीला नकोच. तांबं आणि पितळ दागिन्यांना छान. तांब्याने घामात कातडीवर हिरवट डाग पडतो, तो धुतला की जातो आणि तांबं चिंचेने किंवा पितांबरीने पुन्हा उजळतं. आणि 'जर्मन सिल्व्हर' नावाला भुलू नका. त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. निकेलने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते. कानातलं करून कुणाला भेट देणार असाल तर हे लक्षात ठेवाच.

तयार कड्या विकत घ्याव्यात का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. इमिटेशन दागिन्यांच्या बाजारात, मुंबईत भुलेश्वरला किंवा पुण्यात रविवार पेठेत, पुडीने 'जंपरिंग' मिळतात. त्या मणी अडकवायला बनवलेल्या असतात, तार बारीक आणि मऊ. तुमच्या सध्याच्या कड्यांचाच धाकटा अवतार. खास चिलखतासाठी करवतीने कापलेल्या कड्या परदेशातून मागवता येतात, पण पाठवणावळीसकट महाग पडतात. चौदाशे कड्यांसाठी घरी पाडलेल्या कड्याच परवडतात.

घरी कड्या पाडायला ८ मिलिमीटरची गुळगुळीत सळई, टोकाशी झेडसारखी वाकवून हँडल केलेली. लाकडाच्या दोन ठोकळ्यांना भोकं पाडून त्यात ती आडवी बसवा. सळईला एक बारीक भोक, त्यात तारेचं टोक अडकवायचं. एका हाताने फिरवा, दुसऱ्या हाताने तार ताणून धरा, वेढे एकमेकांना चिकटून यायला हवेत. तार ताणणाऱ्या हातात जाड हातमोजा घाला आणि डोळ्यांवर चष्मा, कारण शेवटी सुटलेलं टोक चाबकासारखं उसळतं. ड्रिल मशीनला सळई लावून गुंडाळायचा मोह होईल. पहिल्या महिन्यात तरी ते करू नका. हाताने चौदाशे कड्यांच्या गुंडाळ्या दोन संध्याकाळींत होतात.

गुंडाळी सळईवरून काढली की ती थोडी उलगडते, आतला व्यास सळईपेक्षा मोठा होतो. ५३५६ अॅल्युमिनियमची ८ वर गुंडाळलेली कडी माझ्याकडे ८.२-८.३ भरते, कडक स्टेनलेसची साडेआठच्या पुढे जाते. चिलखताच्या विणीत एवढ्याने बिघडत नाही, दागिन्यांच्या घट्ट विणीत बिघडतं. मुद्दा एवढाच की गुणोत्तर सळईवरून काढू नका, पाडलेली कडी मोजून काढा. आणि सगळ्या कड्या एकाच तारेच्या, एकाच सळईवरच्या असू द्या. दोन मापं मिसळली की तुकडा कडेने चुण्या पडल्यासारखा वळतो.

कापायला दोन मार्ग. निपरने एकेक वेढा कापायचा, हे जलद. पण निपर तार चिमटून तोडतो, त्यामुळे एक टोक सपाट आणि दुसरं चोचीसारखं येतं. दोन टोकं पूर्ण मिळत नाहीत, बारीक खाच राहते. तुमच्या कामाला हे चालेल, कारण तुकडा बंडीवर टाचला जाणार आहे. दुसरा मार्ग सोनाराच्या बारीक करवतीचा. तिने दोन्ही टोकं सपाट येतात, मिटवल्यावर सांधा बोटाला लागत नाही. ब्लेड जेवढं धातू खातं तेवढा कडीचा घेर कमी होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या ब्लेडने व्यास ०.१६ मिलिमीटरने घटतो, ते घट्ट विणीत जमेस धरायचं. अंगाला लागेल असा दागिना मी निपरने कापलेल्या कड्यांचा कधीच करत नाही. सुरुवातीच्या वर्षांत भाचीला एक साखळी दिली होती. लग्नात तिची शिफॉनची ओढणी त्यात अडकली आणि उसवली. ती काही बोलली नाही, पण मला आजही ती ओढणी आठवते. तेव्हापासून माझी प्रत्येक वस्तू जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून फिरवून बघितल्याशिवाय घराबाहेर जात नाही. मोजा अडकला तर ती कडी शोधायची आणि पुन्हा मिटवायची.

इथवरचं थोडक्यात: १.६ मिलिमीटरची कडक अॅल्युमिनियम तार अर्धा किलो, ८ मिलिमीटरची सळई, निपर, व्हर्नियर, चष्मा. अर्ध्या किलोत तीन हजार कड्या निघतात, म्हणजे शिकण्यात हजार गेल्या तरी छाती, मनगट आणि थोडी झालर भागते.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे तिथे येते, म्हणजे कडी उघडणं आणि मिटवणं. विणीचे नमुने शंभर आहेत, पण हात बसवायचा तो या एकाच हालचालीवर.

पकडी दोन लागतात. दोन्हींची तोंडं आतून गुळगुळीत हवीत, दाते नकोत. घरातल्या पकडीच्या दात्यांनी अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात, तुमच्या तुकड्यावर ते पडलेच असतील. चपट्या तोंडाच्या दोन लहान पकडी घ्या, शक्यतो मुठीत स्प्रिंग असलेल्या, म्हणजे प्रत्येक वेळी बोटांनी उघडाव्या लागत नाहीत. दातेवाल्याच मिळाल्या तर पॉलिश पेपरने दाते घासून काढा.

कडी समोर अशी धरा की तिचं तोंड घड्याळातल्या बाराच्या जागी येईल. डाव्या पकडीने नऊपासून जवळजवळ बारापर्यंतचा भाग धरा, उजवीने तीनपासून बारापर्यंतचा. नुसतं टोक चिमटीत धरलंत तर तिथेच तार वाकते आणि कडी अंडाकृती होते. उघडताना एक टोक स्वतःकडे आणा आणि दुसरं पलीकडे न्या, दार उघडतं तसं. टोकं डावी-उजवीकडे कधीच फाकवू नका, तसं केलं की गोलाई मोडते आणि पुन्हा जमत नाही.

मिटवताना उलट हालचाल, पण टोकं समोरासमोर आली म्हणजे संपलं असं नाही. धातूला थोडी परत फिरायची सवय असते. म्हणून टोकं एकमेकांना ओलांडून किंचित पुढे जाऊ द्या, मग मागे आणा, आणि हे करताना दोन्ही पकडींनी कडी आतल्या बाजूला अलगद दाबत राहा. योग्य दाब पडला की टोकं एकमेकांवर घासल्याचं हाताला कळतं, बारीक 'कट्' आवाजही येतो. मग नख सांध्यावरून फिरवा. नख अडकलं तर मिटलेली नाही. कडी उजेडासमोर धरा, सांध्यातून प्रकाश दिसला तर मिटलेली नाही. करवतीने कापलेल्या कडीत काहीच दिसू नये. निपरच्या कडीत चोचीमुळे बारीक त्रिकोणी खाच दिसेल, पण टोकं टेकलेली हवीत.

पहिल्या दिवशी विणूच नका. पन्नास कड्या नुसत्या उघडा आणि मिटवा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, वीण कधी शिकवणार असं विचारतात. पण पन्नासाव्या कडीला त्यांच्या हातात जो फरक पडलेला असतो तो त्यांचा त्यांनाच दिसतो. तुमच्या तळहाताएवढ्या तुकड्यात मापाखालोखाल दुसरी अडचण हीच असणार.

वीण तशी सोपी आहे. अर्ध्या कड्या आधीच मिटवून ठेवा, अर्ध्या उघडून ठेवा. एका उघड्या कडीत चार मिटलेल्या ओवा आणि ती मिटवा. टेबलावर पसरा: दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मधली एक त्यांना धरून. असे दहा पाचके करा. मग दोन पाचके शेजारी ठेवून एक उघडी कडी पहिल्याच्या उजव्या दोनांतून आणि दुसऱ्याच्या डाव्या दोनांतून घाला, मिटवा. अशी दोन-एक-दोन-एक-दोन साखळी वाढत जाते. दोन साखळ्या झाल्या की त्या एकीखाली एक ठेवायच्या आणि वरच्या साखळीच्या कडेच्या दोन, खालच्या साखळीच्या कडेच्या दोन, अशा चौघींतून नवी कडी घालत पुढे सरकायचं.

गोंधळ होतो तो कड्यांच्या झुकण्यात. नीट बघितलं तर एका ओळीतल्या सगळ्या कड्या एकाच बाजूला झुकलेल्या असतात आणि पुढच्या ओळीतल्या विरुद्ध बाजूला. दोन साखळ्या जोडताना त्यांच्या कडेच्या कड्या एकाच दिशेला झुकलेल्या आहेत ना ते बघा. नसतील तर एक साखळी टेबलावरच अर्धी वळवून ठेवा, जुळतील. जोडणारी नवी ओळ साखळीच्या मधल्या ओळीसारखी झुकली पाहिजे. सुरुवातीला जोडणाऱ्या कड्या तांब्याच्या किंवा रंगीत घ्या, चूक लगेच दिसते. एक कडी चुकली की तिथे वीण गाठ पडल्यासारखी फुगते. हात फिरवून ती जागा सापडते. पुढे न जाता तिथेच उसवा, दहा ओळींनंतर उसवणं फार जिवावर येतं.

तुकडा पुरा झाला की दोन बोटांत धरून लटकवा, मग पाव वळवून पुन्हा लटकवा. एका बाजूने तो स्वतःच्या वजनाने आवळून अरुंद होतो, दुसऱ्या बाजूने पसरलेला आणि भोकाभोकांचा राहतो. अंगावर पहिल्या पद्धतीने लावायचा, म्हणजे तो अंगाला धरून राहतो आणि श्वास घेतला की आडवा ताणला जातो. हे टाचण्याआधी बघा. मी एका नाटकवाल्या ग्रुपला छातीचा तुकडा उलटा टाचून दिला होता, नटाला हात वर करता येईना.

तुमच्या चार महिन्यांची आखणी मी अशी करेन. पहिले दोन आठवडे सामान, गुंडाळणं, कापणं आणि त्या पन्नास कड्या. मग आधी मनगटाचे पट्टे, कारण ते लहान आहेत, लवकर पुरे होतात आणि चुका मनगटाच्या आतल्या बाजूला लपतात. त्यानंतर छातीचा तुकडा, जानेवारीच्या मध्यापर्यंत. शेवटी झालर, जमली तर. मध्ये हाताला वेगळं काही हवं असेल तर १.२ मिलिमीटर तार आणि साडेचार मिलिमीटर व्यासाच्या दीडशेक कड्या घेऊन 'बायझंटाइन' साखळीचं ब्रेसलेट करून बघा. गुणोत्तर पावणेचार, या विणीला अगदी योग्य. त्यात कड्या जोडीजोडीने ओवायच्या, एक जोडी मागे दुमडायची आणि मधून पुढची जोडी घालायची असते. एका ब्रेसलेटमध्ये बोटं घट्ट विणीला सरावतात. पुढच्या वर्षी स्टेनलेसला हात घातलात तर पहिली वस्तू बिडाच्या तव्याची घासणी करा. १.६ मिलिमीटर तारेच्या सव्वाशे-दीडशे कड्यांचा दहा सेंटिमीटरचा चौकोन. तव्यावरची चिकटलेली धिरडी खरवडते आणि तव्याचं मुरलेलं तेल शाबूत ठेवते. स्वयंपाकघरासाठी मात्र स्टेनलेसच, जीआय किंवा अॅल्युमिनियम नाही.

बसण्याबद्दलही सांगते. टेबलावर जुनी सुती चादर घाला म्हणजे कड्या उडत नाहीत. दिवा डाव्या खांद्यावरून यावा. चाळीस मिनिटांनी उठा, मुठी उघडा-मिटा, मनगटं फिरवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पकड सैल धरून बघा. नवशिके गरजेच्या दुप्पट जोराने पकड आवळतात. घरात रांगतं मूल असेल तर काम झाल्यावर जमिनीवरून चुंबक फिरवून उपयोग नाही, अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. झाडूनच घ्या, नीट.

मिरवणुकीच्या दिवशी कड्यांखाली जाड बंडी हवीच, उघड्या अंगावर कड्या केस ओढतात. आणि मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रोषणाई असते, जनरेटरच्या तारा लोंबत असतात. तुमच्या अंगावर धातूचं जाळं आहे आणि धातूतून वीज वाहते. त्या तारांपासून लांब उभे राहा, रोषणाईला टेकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

ती दोन किलो बाइंडिंग तार फेकू नका. ८ ऐवजी ३.५ किंवा ४ मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळलीत तर गुणोत्तर चारच्या आसपास येतं. मऊ आहे आणि गंजेल, पण कडी मिटवायचा हात बसवायला यापेक्षा स्वस्त काही मिळणार नाही. त्या पन्नास कड्या आज रात्रीच तिच्या पाडा, आणि नख न अडकणाऱ्या किती झाल्या ते मला इथेच कळवा.